कब पॅक चालवायला घेऊ का? स्काउट-गाइडमध्ये काम केलेल्यांनो, खरं काय ते सांगा

रानपाखरू

नमस्कार मंडळी.

लेक नऊ वर्षांचा आहे. पुण्यातल्या एका खुल्या स्काउट पथकाच्या कब पॅकमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या गटात जातो. खुलं म्हणजे कुठल्या शाळेचं नाही, रविवारी सकाळी मैदानावर भरतं आणि चार-पाच शाळांतली पोरं येतात. तिथल्या कब मास्टरांची बदली झाली. पथकप्रमुखांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की दिवाळीपर्यंत कोणी मोठं माणूस पुढे आलं नाही तर पॅक बंद करावा लागेल. त्यावर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला, "सर, तुमचं कार्य महान आहे" वगैरे. पुढे कोणीच आलं नाही. मग त्यांनी मला एकटीला फोन केला.

आता माझी अडचण. शाळेत मी एनसीसीत होते, गाइडमध्ये नाही. परकराच्या नाडीपलीकडे गाठींशी माझा संबंध आलेला नाही. प्रशिक्षण घ्यावं लागतं म्हणे, ते किती दिवसांचं असतं? आयटीत आहे, रजा मोजून मिळते. "रविवारचे फक्त दोन तास" असं ते म्हणतात, ते खरंच दोनच असतात का? आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे लोकांची मुलं मुक्कामाला न्यायची. काही झालं तर?

ज्यांनी हे केलंय त्यांनी गोड न बोलता लिहा.

आपला_बंड्या

गोड न बोलता? घ्या मग. आमच्या शाळेत स्काउट म्हणजे शनिवारी सकाळी स्कार्फची घडी नीट नाही म्हणून मैदानाला फेरी. वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायचं कडं, हरवला की पुढच्या बाकावरच्याचा ढापायचा. वर्षातून एकदा जिल्हा मेळावा, त्यात संचलन आणि पाहुण्यांची भाषणं. दोरी मी फक्त फोटोत पाहिली. सर बिचारे गणित शिकवायचे, त्यांच्या गळ्यात हे कोणीतरी अडकवलं होतं. वरच्या वर्गातले दादा तर सरळ सांगायचे, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आहोत.

तरी शेकोटीच्या आरोळ्या अजून पाठ आहेत, हे मान्य.

मिसळपाववाली

बंड्या +१. आमच्याकडे तर गाइडच्या पोरींना पाहुण्यांच्या स्वागताला उभं करायचे. तासभर उन्हात, हातात ओवाळणीचं ताट.

निवृत्त_स्काउटर

रानपाखरूताई, सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत नोकरी झाली. स्काउट पथक निवृत्तीपर्यंत चालवलं, म्हणून लिहायचं धाडस करतो. बंड्या म्हणतात ते खोटं नाही. शाळेत स्काउट मास्तर नेमला जातो, होत नाही. मलाही नेमलंच होतं.

प्रशिक्षणाचं आधी सांगतो. पहिला एक दिवसाचा बिगिनर्स कोर्स, त्यात नुसती तोंडओळख. मग सात दिवसांचा निवासी बेसिक. तो झाला की वॉरंट, म्हणजे अधिकृत नेमणुकीचा कागद, मिळायची वाट मोकळी. पथक चालवून अंगाला माती लागली की सात दिवसांचा ॲडव्हान्स आणि त्याच्याही पुढे हिमालय वुड बॅज. गळ्यात चामड्याच्या वादीत दोन लाकडी मणी घातलेला माणूस दिसला तर तो एचडब्ल्यूबी समजा. इंग्लंडात गिलवेलला १९१९ साली हे प्रशिक्षण सुरू झालं, मणी तेव्हापासूनचे. आपलं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, पिपरियाला गाडीतून उतरायचं आणि जीपने वर चढायचं. बेसिकसाठी तेवढं लांब जावं लागत नाही, राज्यातच होतो. शिक्षकांना कर्तव्यरजा मिळते, तुम्हाला स्वतःची रजा टाकावी लागेल. उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीतला कोर्स बघा.

बेसिकची गंमत अशी की तिथे तुम्हालाच टोळीत घालतात. शिट्टी झाली की पळायचं, आपली चूल आपण पेटवायची, तपासणीला तंबूपुढे ताठ उभं राहायचं. आमच्या टोळीत एक मुख्याध्यापक होते. पहिले दोन दिवस ते सगळ्यांना सूचना देत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर काळ्या पातेल्यांची पाळी आली, तिथून पुढे त्यांच्यासारखा टोळीतला माणूस नाही. शाळेत परतल्यावर त्यांनी काय बदललं हे मला माहीत नाही, पण त्या सात दिवसांत मुलाच्या जागी उभं राहणं घडतं. पुस्तक वाचून ते होत नाही.

कब म्हणजे पाच ते दहा वर्षांची मुलं. पॅकमध्ये जास्तीत जास्त २४, त्यांची सहा-सहाची षटकं आणि प्रत्येक षटकाला नायक. मुलाच्या पायऱ्या अशा: आधी प्रवेश, मग प्रथम ते चतुर्थ चरण. दहानंतर मूल स्काउटमध्ये जातं. तिथे सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. कागदोपत्री तुम्ही लेडी कब मास्टर व्हाल, पोरं मात्र तुम्हाला अकेला म्हणतील. १९१६ मध्ये लहान मुलांचा हा विभाग निघाला तेव्हा स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलने मोगलीच्या गोष्टीतला लांडग्यांचा कळप उचलला. ती गोष्ट घडते ते सिवनीचं जंगल म्हणजे आपल्या नागपूरच्या वरचं, पेंचच्या बाजूचं. जगभरची पोरं मास्तरला आपल्या शेजारच्या रानातल्या म्होरक्याच्या नावाने हाक मारतात.

दोन तासांचं म्हणाल तर मैदानावर दोन तास हे खरं. घरी तयारीचे वेगळे, फोनचे त्याहून वेगळे.

न्यूजर्सीकर

इकडून माझे दोन आणे. मुलगी दुसरीत असताना डेन लीडर, म्हणजे तिच्या इयत्तेच्या गटाचा प्रमुख झालो. निवड कशी झाली म्हणाल तर मीटिंगमध्ये सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते आणि मी चुकून वर बघितलं.

अमेरिकेत लहान मुलांचा पॅक असतो, त्यात इयत्तेप्रमाणे डेन. बालवाडीचे लायन, पहिलीचे टायगर, दुसरीचे वुल्फ, तिसरीचे बेअर, पुढे वेबेलोज आणि ॲरो ऑफ लाइट. शिक्षक कोणी नसतो, सगळा कारभार पालकांचा. पॉपकॉर्न विकून पैसे उभे करायचे, किराणा दुकानाच्या दारात थंडीत टेबल लावून. पाइनवूड डर्बी नावाची एक स्पर्धा असते: पाइनच्या लाकडाच्या ठोकळ्यातून मुलाने छोटी गाडी कोरायची, वजन जास्तीत जास्त पाच औंस, म्हणजे साधारण १४० ग्रॅम. उतारावर सोडायची, ज्याची आधी पोचेल तो जिंकला. प्रत्यक्षात अर्ध्या गाड्या बापांनी गॅरेजमध्ये रात्री बारापर्यंत बसून केलेल्या असतात. आमच्या पॅकने शेवटी मोठ्यांची वेगळी शर्यत ठेवली, तेव्हा कुठे मुलांना आपल्या वाकड्यातिकड्या गाड्या पळवता आल्या.

रानपाखरू, तुमच्या धास्तीबद्दल. इथे मुलींना कब विभागात २०१८ पासून आणि मोठ्या स्काउट विभागात २०१९ पासून घेतात. प्रत्येक लीडरला बालसंरक्षणाचं प्रशिक्षण सक्तीचं, ते ठरावीक काळाने पुन्हा करावं लागतं. कुठल्याही कार्यक्रमाला एकवीस वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत लीडर हवेतच. मुली असतील तर त्यात एक बाई हवी. एका मुलाबरोबर एक मोठा माणूस एकटा, हे कधीच नाही. अगदी ईमेल पाठवलं तरी दुसऱ्या मोठ्या माणसाला त्यात ठेवायचं.

हे नियम फार महागात शिकलेले आहेत. जुन्या काळातल्या अत्याचारांच्या दाव्यांमुळे बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. ८२ हजारांवर दावे आले आणि भरपाईचा आकडा २४० कोटी डॉलरच्या वर गेला. २०२५ च्या फेब्रुवारीपासून संस्थेचं नावही स्काउटिंग अमेरिका झालंय. त्यामुळे पहिल्या दिवशी मला ते नियम जाचक वाटले होते, आता दुसरा लीडर आला नाही तर मी सरळ मीटिंग रद्द करतो.

रानपाखरू

बापरे. हे वाचून धास्ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली! आपल्याकडे असा काही नियम आहे का? पथकप्रमुख चांगले आहेत, पण आत्ता मैदानावर बऱ्याचदा ते एकटेच असतात.

काळाकोट

व्यवसायाने वकील, म्हणून तेवढंच लिहिते.

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा. अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलाला किंवा मुलीला तो लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी शंका आली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. "संस्थेची बदनामी होईल", "आधी आपापसात मिटवू" हे चालत नाही. न कळवणं हाच कलम २१ खाली गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्था चालवणाऱ्याने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं तर शिक्षा जास्त. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक पोरांनाच पाठ करून घ्या, चरणांच्या अभ्यासात तो आपोआप बसेल.

बाकी व्यवहाराचं. पथकप्रमुखांना आधीच सांगा की दुसरं मोठं माणूस मैदानावर असल्याशिवाय मी पॅक भरवणार नाही. यात त्यांच्यावर अविश्वास नाही, उलट यात त्यांचंही रक्षण आहे. मुक्कामाला पालकांचं लेखी संमतिपत्र घ्या. त्यावर मुलाचं ॲलर्जी-औषध, रक्तगट आणि दोन फोन नंबर. मोठ्यांची झोपायची जागा वेगळी आणि मुलांची वेगळी. मुलांचे फोटो गणवेशातल्या नावानिशी फेसबुकवर टाकू नका, हे तर माझं रोजचं रडगाणं आहे. आणि पथक नोंदलेलं आहे का, यंदाचं नूतनीकरण झालंय का, कागद डोळ्यांनी बघा.

खडूस_काका

एवढा खटाटोप कशासाठी? साहेब गेला, हाफ चड्डी आणि शिट्टी ठेवून गेला. मुलांना मैदानावर आणायचंच तर संघाची शाखा आहे, राष्ट्र सेवा दल आहे, फुकट आणि आपल्या मातीतलं. स्काउटसारखं डाव्या हाताने हस्तांदोलन करून कोणता देश घडतो?

जुनी_पानं

काका, साहेबाने ठेवलं हे अर्धंच खरं आहे. त्याने आधी ते आपल्याला द्यायलाच नकार दिला होता. १९०९-१० च्या सुमारास हिंदुस्थानात पथकं निघाली ती बंगळूर, जबलपूर, सिमला आणि आपलं खडकी, लोणावळा अशा ठिकाणी. पण फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. देशी मुलांना प्रवेश नाही. म्हणून आपल्या लोकांनी स्वतंत्र संघटना काढल्या. मद्रासकडे ॲनी बेझंट यांनी आणि अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची. या मंडळींनी कुंभासारख्या गर्दीत मुलांकडून खरी सेवा करून घेतली. स्वातंत्र्यानंतर हे वेगवेगळे गट एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स अँड गाइड्स झाली. मुलींची संघटना १९५१ मध्ये त्यात आली. पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच. पुढे हे काम न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्याकडे आलं. ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि नंतर सुप्रीम कोर्टात होते.

म्हणजे हाफ चड्डी साहेबाची असेल, हट्ट आपला होता.

खडूस_काका

माहिती चांगली आहे. मत बदललेलं नाही. पण खडकीचं माहीत नव्हतं.

आपला_बंड्या

काकांनी "माहिती चांगली आहे" म्हटलं! धागा फ्रेम करून ठेवा रे.

चाफेकळी

मी गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची (कंपनीची) प्रमुख आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका मुलींच्या शाळेत. नेमलेलीच, पण आता सोडवत नाही.

मुलींचं दुखणं वेगळं असतं, म्हणून लिहिते. माझ्या कंपनीतल्या मुली उत्साहाने कुठेही यायला तयार असतात, अडतं ते घरच्या परवानगीवर. मुक्काम म्हटलं की आई म्हणते बाबांना विचार, बाबा म्हणतात आजीला विचार. मी आता पत्र पाठवत नाही, घरी जाते. चहा होतो, आजी विचारते, "रात्री बाईमाणूस कोण असणार?" मी म्हणते, मीच. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. म्हणून बायका लीडर म्हणून पुढे आल्याशिवाय मुलींचं शिबिर होऊच शकत नाही. रानपाखरू, तू मुलग्यांच्या पॅकसाठी विचारतेयस, पण तू गणवेशात मैदानावर उभी राहिलीस की शेजारच्या चार मुलींच्या आया बुलबुलबद्दल, म्हणजे लहान मुलींच्या विभागाबद्दल, विचारायला येतील, बघ.

आणि पुण्यात राहतेस तर आळंदी रस्त्यावरचं संगम बघितलंयस का? जागतिक गर्ल गाइड संघटनेचं केंद्र, १९६६ पासून आहे. स्वित्झर्लंडला, मेक्सिकोला जसं आहे तसंच आपल्या पुण्यात. मुलींना नेलं होतं. तिथे परदेशातून आलेल्या गाइड मुलींशी आमच्या पोरी आधी लाजल्या. मग कोणीतरी दोरी काढली आणि सगळ्या जमिनीवर बसून गाठी मारायला लागल्या. इंग्रजीचं कोणाला काही वाटलं नाही.

आमच्याकडे खरी कमाईचा उपक्रम अजून जोरात असतो. मुली भेळ, सरबत, राख्या विकतात, हिशेब स्वतः ठेवतात. एका पालकांनी येऊन सांगितलं की आमच्या घरच्या मुलीने भेळ विकायची गरज नाही. मुलगी मागे उभी राहून नाराज. तिच्या स्टॉलची भेळ तेव्हा सगळ्यात आधी संपली होती.

टेम्सकाठचा_तात्या

ब्रिटनमध्ये मुलं मिळत नाहीत असं होत नाही, मोठी माणसं मिळत नाहीत. आमच्या भागात कब विभागाला प्रतीक्षायादी आहे. मूल आठ वर्षांचं व्हायच्या आधीच लोक नाव घालून ठेवतात. बऱ्याच ठिकाणी आई-बापांपैकी कोणी मदतीला आलं तर मुलाचा नंबर लवकर लागतो. मी असाच आलो. डीबीएस म्हणजे पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि आठवड्यातली एक संध्याकाळ गेली. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी २०२१ पासून स्क्विरल्स नावाचा विभागही काढलाय, म्हणजे मदतनीस आणखी हवेत.

एक उपयोगी गोष्ट सांगतो. आमच्या पॅकमध्ये पालकांची पाळीची यादी आहे. प्रत्येक घराने सत्रात एकदा यायचं. काही शिकवायचं नाही, फक्त हजर राहायचं, बूट बांधून द्यायचे, रडणाऱ्याला पाणी द्यायचं. न्यूजर्सीकर म्हणतात तो दुसऱ्या मोठ्या माणसाचा प्रश्न तिथेच सुटतो. "महान कार्य" लिहिणाऱ्यांना प्रत्येकी एक रविवार द्या.

रानपाखरू

तात्या, ही यादीची कल्पना फार आवडली. आज रात्रीच ग्रुपवर टाकते, इमोजी किती कमी होतात बघू.

आता मूळ मुद्दा. पोरांसमोर उभी राहिले तर दोन तास करायचं काय?

निवृत्त_स्काउटर

कमीत कमी बोलायचं. पहिलं ध्वजवंदन, प्रार्थना, मग लगेच धावायचा खेळ, म्हणजे अंगातली रग निघते. त्यानंतर दहा मिनिटं काहीतरी शिकवा, एकच गाठ, एकच शिट्टीचा इशारा. पुन्हा खेळ, त्यात तीच गाठ वापरावी लागेल असा. रीफ नॉट शिकवली तर षटकाला दोऱ्यांचे तुकडे द्या आणि जोडून झाडापासून झाडापर्यंत पोचवायला सांगा. ज्याची सुटेल त्याला तुम्ही सांगायची गरज नाही, षटकच सांगतं.

बसून करायचा म्हणून किमचा खेळ ठेवा. कापडाखाली २४ वस्तू, एक मिनिट बघायच्या, झाकायच्या, मग आठवून लिहायच्या. सेफ्टी पिन, रुमाल, चिंचोका, किल्ली, काहीही. लहान मुलं आपल्याला हरवतात, स्वतः खेळून बघा. शेवटी वर्तुळात बसून गोष्ट. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की कोणाच्या तरी पार्किंगमध्ये भरवायचं, सुट्टी द्यायची नाही. एकदा सलग दोन रविवार बुडाले की पोरं क्लासला जातात ती परत येत नाहीत.

आणि सगळ्यात अवघड ते म्हणजे हात मागे बांधून उभं राहायला शिका. पोरांनी तंबू वाकडा लावला तर वाकडा राहू द्या. रात्री पडेल, तेव्हा उठून लावतील. भाजीत मीठ जास्त पडलं तर सगळ्यांनी तीच खायची. ही सगळी पद्धत टोळीवर उभी आहे. सहा-आठ मुलं, त्यांचा नायक त्यांच्यातलाच आणि निर्णय त्यांचा. मास्तराने निर्णय घ्यायला सुरुवात केली की स्काउटिंग संपून पीटीचा तास सुरू होतो. बंड्यांच्या शाळेत नेमकं तेच झालं असणार.

न्यूजर्सीकर

गुरुजी, सगळा आदर ठेवून असहमत. बारा वर्षांच्या मुलांना हे बरोबर आहे. सात वर्षांच्या आठ मुलांपुढे मी हात मागे बांधून उभा राहिलो तर तीन मिनिटांत एक झाडावर, एक बाथरूममध्ये आणि एक दुसऱ्याच्या पोटावर बसलेला असेल. लहानांच्या बाबतीत दर मिनिटाचा कार्यक्रम ठरवावा लागतो. रानपाखरूंकडे कब आहेत, स्काउट नाहीत.

निवृत्त_स्काउटर

मी आयुष्यभर स्काउट चालवले, कब नाही, त्यामुळे तुमचं म्हणणं वजनदार आहे. आखणी तुमचीच हवी, तिथे वाद नाही. पण आखणीच्या आतसुद्धा मुलाला करू देता येतं. सात वर्षांच्या मुलाला स्वतःचा डबा धुता येतो आणि पिशवी भरता येते. आमच्याकडे शिबिराला निघताना आया बाहेर उभ्या राहून पिशवी पुन्हा भरतात आणि मुलाला आपला टॉवेल कुठे आहे हेच माहीत नसतं. षटकनायकाला हजेरी घेऊ द्या, वस्तू मोजून आणू द्या. चार वर्षांनी तोच टोळीनायक व्हायचा असतो, तेव्हा एकदम कुठून येणार?

न्यूजर्सीकर

हे मान्य. डब्यावर तह.

चाफेकळी

हजेरीचं खरं आहे. माझ्याकडे एक मुलगी वर्गात तोंड उघडत नसे. तिला टोळीची हजेरी दिली. पहिला महिना वही दाखवून खुणेने नावं विचारायची. आता आवाज चढवते, इतका की मलाच सांगावं लागतं, हळू.

सह्यभटका

मी स्काउटवाला नाही, पण मुलांना घेऊन गडांवर जातो, म्हणून मुक्कामाबद्दल लिहितो.

पहिला मुक्काम गडावर करू नका. कोणाच्या तरी शेतावर किंवा शाळेच्या आवारात करा, जिथे गाडी दारापर्यंत येते. पावसाळ्यात ओढा, धबधबा, धरणाची भिंत यापासून लांब. वरती पाऊस झाला की खालचा ओढा बघता बघता चढतो, आणि मुलांना पाण्यातून बाहेर काढायला जितका वेळ लागतो तितका तो देत नाही. गडावर गेलातच तर कड्याला आग्या माश्यांची पोळी आहेत का ते गावात विचारा. धूर, आरडाओरडा, अत्तर सगळं बंद. दरवर्षी कुठे ना कुठे माश्या उठतात.

साप चावला तर आवळून बांधायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही. हातपाय हलू न देता आडवं ठेवायचं आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यायचं. ते कुठल्या ग्रामीण रुग्णालयात आहे, हे निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवायचं, चावल्यावर नाही. १०८ ला फोन लागतो का, म्हणजे तिथे रेंज आहे का, हेही आधी बघायचं.

काळाकोट

सह्यभटका यांची पोस्ट संमतिपत्राच्या मागच्या बाजूला छापा. गंमत नाही करत.

पुढचं_स्टेशन

थोडं वेगळं. भाचा रोव्हरमध्ये, म्हणजे स्काउटच्या तरुणांच्या विभागात आहे. रेल्वेत स्काउटचा कोटा असतो हे खरं का? रानपाखरूंच्या मुलालाही पुढे उपयोग होईल.

निवृत्त_स्काउटर

खरं आहे. राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज लागतो आणि निदान पाच वर्षांचं सक्रिय काम दाखवावं लागतं. जागा अगदी मोजक्या, स्पर्धा भरपूर. भाच्याने प्रयत्न जरूर करावा. पण नऊ वर्षांच्या पोराच्या आईने आत्तापासून त्याचा हिशेब मांडू नये. प्रमाणपत्रासाठी आलेली मुलं मी पाहिली आहेत, लॉगबुक एकाच रात्रीत एकाच पेनाने लिहिलेलं असतं.

आपला_बंड्या

गुरुजी, आमच्या लॉगबुकबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?

रानपाखरू

अपडेट देते. पालकांच्या ग्रुपवर पाळीची यादी टाकली. पहिले दोन दिवस शांतता. मग एका आजोबांनी विचारलं, आजोबा चालतील का? ते एसटीत मेकॅनिक होते, आता दोन रविवार स्वतःहून मागतायत. त्यांच्यामागून सात घरं आली. बाकीचे अजून "बघतो" वर आहेत.

पथकप्रमुखांशी बोलले. दोन मोठी माणसं असल्याशिवाय पॅक भरणार नाही हे त्यांनी लगेच मान्य केलं, उलट म्हणाले की हे मीच कधीपासून म्हणायला हवं होतं. नोंदणीचे कागद बघितले, व्यवस्थित आहेत. संमतिपत्राचा मसुदा काळाकोट यांना निरोपातून पाठवते, चालेल ना? बेसिक कोर्स उन्हाळ्यात करणार, तोवर बिगिनर्सवर चालवते. मॅनेजरला सात दिवसांच्या रजेचं कारण सांगितलं तर त्याने विचारलं, "हे ऑनलाइन होत नाही का?"

मुक्काम यंदा नाही. मला स्वतःला आधी एकदा तंबूत झोपून बघायचंय.

आता एक किरकोळ प्रश्न. पोरांसाठी दोऱ्या आणायच्या आहेत. नायलॉनच्या स्वस्त आहेत आणि रंगीत मिळतात. त्या चालतील का?

निवृत्त_स्काउटर

नाही. नायलॉन गुळगुळीत, शिकणाऱ्याची गाठ घसरते आणि मुलाला वाटतं आपलंच चुकलं. सुती घ्या, बोटापेक्षा थोडी बारीक, प्रत्येकाला तीन मीटर. बोहरी आळीत किलोवर मिळेल. तुकडे केल्यावर टोकांना लगेच दोरा गुंडाळून व्हिपिंग करा, नाहीतर दुसऱ्या रविवारपर्यंत पिंजून जातात. ते काम त्या एसटीवाल्या आजोबांना द्या.

काळाकोट

मसुदा पाठवा. आणि आजोबांचाही नोंदणीचा फॉर्म भरून घ्या, यादीत नुसतं नाव पुरत नाही.